भूलमॅडमचा कॅमेरा

१

कॅमेरा जागेवर नाही हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. मी ते स्टोअरकीपरसमोर बोललो, म्हणून दुपारपर्यंत ते अख्ख्या हॉस्पिटलला कळलं.

मी या सरकारी हॉस्पिटलचा करार अधिकारी. आमच्याकडे येतो तो माणूस दुसरीकडे कुठे जाऊच शकत नाही म्हणून येतो. मोठे डॉक्टर मात्र आमच्याकडे कायमची नोकरी घ्यायला तयार नसतात. मग हृदयाचा डॉक्टर, किडनीचा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, सगळे कराराने आणायचे, आणि ते काम माझं. लोकांना वाटतं मी खुर्ची उबवतो. वाटू दे बापडे!

माझ्या सगळ्या करारांत मला अभिमान होता तो एकाच कराराचा, भूलमॅडमचा. ठेंगणी, किडकिडीत बाई, जुनाट स्कूटरवर येणार. करारात लिहिलेल्या वेळा तिने कधी पाहिल्याच नसाव्यात. अडलेली बाई आली की फोन जायचा आणि पाठोपाठ स्कूटरची फटफट ऐकू यायची. ती फटफट ऐकली की वॉर्डातल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडायचा.

तर तिचा करार संपत आला होता, आणि संपताना ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं सामान मोजून घ्यावं लागतं. स्टोअरकीपरला म्हटलं, चला आत. त्याने नाक मुरडलं.

"साहेब, आत जायचं म्हणजे कपडे बदला, टोपी घाला, बूट काढा. मी दरवर्षी दारातूनच विचारतो. सिस्टर 'आहे' म्हणते, मी पुढे जातो."

"यंदा आत जायचं," मी म्हटलं.

ओटीची इन्चार्ज सिस्टर त्या दिवशी नेमकी रजेवर होती. आत साफसफाईवाल्या मावशी एकट्याच होत्या, आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट कुलूपबंद. किती वाजले ते बघायला मी भिंतीवर नजर टाकली, तर घड्याळ बंद.

"ते कधी चालूच नसतं साहेब," मावशी हसल्या. "त्याचे सेल कॅमेरा खातो. मूल जन्मलं की सिस्टर आपल्या मनगटावरचं बघून वेळ सांगतात."

"आणि कॅमेरा कुठाय?"

तो कॅमेरा म्हणजे काय ते सांगतो. पूर्ण भूल दिली की पेशंटच्या श्वासनळीत नळी घालावी लागते. एखाद्याची मान आखडलेली असली की घशात काही दिसत नाही आणि श्वास जायला वेळ लागत नाही. अशा वेळी वाकड्या पट्टीच्या टोकाला कॅमेरा आणि मुठीवर छोटा पडदा असलेलं एक यंत्र लागतं. तेच ते. भूल देण्याच्या टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये ते कायम असायचं. आज ट्रे रिकामा होता.

"तो तर काल मॅडमनी नेला," मावशी सहज म्हणाल्या. "पिशवीत घालून."

स्टोअरकीपरने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथेच घाम फुटला.

२

अधीक्षकांनी भूलमॅडमना बोलावलं. त्यांनी सरळ विचारलं, "कॅमेरा तुम्ही नेलात?"

"नेला."

"का?"

"पडदा मिचमिचत होता. दुरुस्तीला टाकलाय."

"हॉस्पिटलची वस्तू दुरुस्तीला जाते ती स्टोअरमधून. तुम्ही परस्पर कशी नेलीत?"

 मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो बोला काहीतरी! पण त्या बोटातली स्कूटरची किल्ली फिरवत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "मी चोरी केलेली नाही. याच्यापुढे मला काही सांगायचं नाही."

"कुठल्या दुकानात टाकलाय तेवढं तरी सांगा. आम्ही आणवून घेतो."

"तो आणवून घेऊन तुमचं काम होणार नाही," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

झालं! स्टोअरकीपरने सगळीकडे सांगितलं की कॅमेरा विकला. अधीक्षकांनी चौकशी होईपर्यंत मॅडमना कामावर येऊ नका म्हणून कळवलं. आणि करार समितीची बैठक परवावर आली होती. समितीपुढे दुसरा अर्ज होता एका एजन्सीचा. तिचा मॅनेजर आठवडाभर आमच्या व्हरांड्यात टाय लावून फिरत होता. आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. त्याची एजन्सी डॉक्टर पुरवणार, पण ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळेत. अडलेली बाई वेळ बघून येत नाही, हे त्याला कोण सांगणार?

आणि एक अडलेली बाई वॉर्डात आधीच होती. मागे कधीतरी भाजलेली. मान आखडून छातीकडे ओढली गेलेली, पाठीवरही सगळे व्रण, त्यामुळे पाठीत इंजेक्शन देऊन भागणार नव्हतं. पूर्ण भूल देऊनच बाळ काढायचं होतं. तिचे दिवस भरले होते. टायवाल्याला मी विचारलं, "हिची केस कराल?"

"अशा केसेस मोठ्या सेंटरला पाठवायच्या, सर," तो गोड हसून म्हणाला.

मोठं सेंटर इतकं लांब होतं की वाटेत काय होईल ते मला आणि त्याला, दोघांनाही माहीत होतं. त्या बाईचा नवरा मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "साहेब, स्कूटरवाल्या मॅडम येणार ना?" मी म्हटलं, "बघू." दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी अधीक्षकांनी मला आत बोलावलं. "पोलिसांत द्यायच्या आधी एकदा नीट बघायचंय. तुमच्या मिसेसना विचारा."

माझी बायको याच हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि असं काही कोडं पडलं की अधीक्षक तिलाच गाठतात. दिवसभर काचेवरच्या पेशी बघते आणि घरी येऊन माझ्याकडे तशीच बघते. तिच्यापुढे खोटं बोलायची माझी कधी छाती झाली नाही.

३

जेवताना मी तिला सगळं सांगितलं. आईही बसली होती. आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला भूलमॅडमनीच भूल दिलेली, त्यामुळे ती एकदम खवळली.

"ती बाई चोर? अरे, मला भूल द्यायच्या आधी माझा हात धरून बसली होती! तुझा स्टोअरकीपर धरेल का कुणाचा हात?"

"आई, तुम्ही तो कॅमेरा बघितला होता?" बायकोने विचारलं.

"बघितला की. मीच म्हटलं, हे काय घालणार माझ्या घशात, आधी दाखव. दाखवलाही बिचारीने. मुठीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. म्हणाली, माझा हात लहान, मूठ सटकते."

"पट्टीखाली काही रंगवलेलं होतं?"

"सूनबाई, मी ऑपरेशनला गेले होते, तपासणीला नाही."

बायको हसली आणि गप्प झाली. ती गप्प झाली की समजायचं, आत चक्र सुरू झालं.

सकाळी आम्ही दोघं आधी स्टोअरमध्ये गेलो. आमच्या हॉस्पिटलात प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर असतो. स्टूल, बादली, पडदा, कात्री, काही सुटत नाही. एकदा अधीक्षक खुर्चीत जरा जास्त वेळ बसले तर कुणीतरी म्हणालं, उठा, नाहीतर तुमच्यावरही नंबर पडेल. हे सगळे नंबर स्टोअरकीपर स्वतः घालतो, तेही देवाचं काम असल्यासारखं.

"कॅमेऱ्यावर नंबर घातला होतात?" बायकोने विचारलं.

"म्हणजे काय मॅडम! मुठीवर, पडद्याच्या बरोब्बर खाली. इतकी भारी वस्तू या हॉस्पिटलात दुसरी आली नाही. फोनसारखी स्टँडवर ठेवायची की झाली चार्ज. मी स्वतः खोक्यातून काढली, नंबर घातला, वाळवला, परत खोक्यात भरली आणि सिस्टरच्या हातात दिली. आणि ही बाई पिशवीत घालून नेते! लाज वाटत नाही?"

"टायवाल्याबरोबर तुम्ही चहा पिता म्हणे," मी मध्येच टोचलं. माझा सगळा संशय याच्यावरच होता.

तो असा भडकला की बायकोने मला कोपराने ढोसलं. "चहा तो पाजतो, मी पितो! त्याने मला विचारलं, जुन्या डॉक्टरबद्दल काही तक्रार आहे का? मी सांगितलं, एक नाही. तेव्हा नव्हतीच!"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हाच आहे बघ. आरडाओरडा करणारा माणूस..."

"तो खरं बोलतोय," बायको म्हणाली. "आणि तेच तर विचित्र आहे."

४

सिस्टर रजेवरून परत आली होती. उंच, ताठ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती चालली की जुडगा आधी ऐकू यायचा. तिची निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. एका टेबलाशी बसून ती बँडेजच्या घड्या घालत होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि दोन घड्या झाल्या की चष्मा नाकावरून घसरायचा.

"सिस्टर, कॅमेऱ्याचं काय?" बायकोने विचारलं.

"मला काय माहीत? मी रजेवर होते."

"नेहमी ट्रेमध्ये असायचा तो मॅडम वापरायच्या?"

"हो."

"सेलवर चालायचा?"

"हो. सेल संपले की मी घड्याळातले काढून द्यायचे." बोलताना तिचा हात कमरेकडे गेला. "मॅडम, माझी पेन्शन व्हायचीय. मला यात ओढू नका."

बायकोने पुढे काही विचारलं नाही. उलट तिच्या चष्म्याकडे बघून म्हणाली, "हा किती दिवस असा बांधून घालणार?"

सिस्टर एकदम सैलावली. "नवीन आहे हो! मुलाने आणलाय, भारीतला." तिने पर्समधून डबी काढली, उघडली, आतला चष्मा दाखवला. काचांवर दुकानाचं स्टिकर अजून तसंच होतं. "पण इथे रोज वापरायला काढला तर दोन दिवसांत वाट लागेल. म्हणून ठेवलाय जपून."

"छान आहे," बायको म्हणाली. डबी बंद झाली, पर्समध्ये गेली.

दारातून बाहेर पडताना बायकोने माझा दंड धरला. तिचे डोळे चमकत होते.

"कॅमेरा चोरीला गेलेलाच नाही," ती म्हणाली. "हॉस्पिटलचा कॅमेरा या ओटीतून कधी बाहेरच गेला नाही."

मी तिथेच थांबलो. "अगं, पण मॅडम स्वतः म्हणाल्या, नेला!"

"त्यांनी त्यांचा नेला."

५

व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने मला समजावलं. माझ्यासारख्या मठ्ठ माणसालाही समजेल असं.

"स्टोअरकीपरने दिलेला कॅमेरा स्टँडवर चार्ज होतो. त्याला सेल लागतच नाहीत. मग घड्याळातले सेल खाणारा कॅमेरा कुठला? दुसरा. म्हणजे कॅमेरे दोन आहेत. ट्रेमध्ये रोज असायचा तो मॅडमचा स्वतःचा. म्हणून तर त्यांनी हाताच्या मापाने मुठीला पट्टी गुंडाळली, आणि बिघडला तेव्हा कुणाला न विचारता दुरुस्तीला नेला. स्वतःची वस्तू नेताना माणूस कुणाला विचारतो का? आणि 'तो आणवून घेऊन तुमचं काम होणार नाही' असं त्या का म्हणाल्या? त्याच्यावर तुमचा नंबरच नाही म्हणून."

"पण मग करारात मी लिहिलंय, उपकरणं हॉस्पिटल देईल! त्यांनी स्वतःचा का आणला? आणि हॉस्पिटलचा गेला कुठे?"

"जो माणूस स्वतःचा नवा चष्मा डबीत ठेवून दोऱ्याचा घालतो, त्याच्या हातात भारी, नाजूक, नंबर घातलेली वस्तू दिलीस तर तो काय करेल?"

मला ओटीतलं ते लोखंडी कपाट आठवलं. नेहमी कुलूपबंद.

"तुझ्या स्टोअरकीपरच्या दारातल्या प्रश्नाला सिस्टर 'आहे' म्हणायची, आणि ते खरंच होतं," बायको म्हणाली. "आत कुणी आलंच नाही, म्हणून दोन कॅमेऱ्यांचा एकच धरला गेला."

"मग मॅडम सांगत का नाहीत? अब्रू जायची वेळ आली तरी?"

"ते त्यांनाच विचारू."

भूलमॅडम घरी स्कूटर पुसत होत्या. बायकोने घड्याळाची, सेलची, चष्म्याची गोष्ट सांगितली. मॅडमनी फडकं खाली ठेवलं.

"तुम्ही ओळखलंत, मी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं लक्षात ठेवा. मी इथे आले तेव्हा सिस्टरकडे कॅमेरा मागितला. बाई थरथरायला लागली. तिच्या आधीच्या सिस्टरच्या हातून एक यंत्र पडलं होतं आणि त्या चौकशीत तिची पेन्शन अडकली. ही म्हणाली, मॅडम, याला हात लावू नका, मी विधवा बाई, पोरगं शिकतंय. मी म्हटलं, ठीक आहे, माझा आणते. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. पेशंटला कॅमेरा मिळाल्याशी मतलब. तो कुणाचा आहे हे घसा थोडाच विचारतो?"

"आणि आता तुमच्यावर चोरीचा आळ आलाय!" मी जवळजवळ ओरडलोच.

"तिने सांगितलं तर सांगेल. मी शब्द दिलाय." मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "माझं जाऊ द्या. त्या भाजलेल्या बाईचं काय करताय? माझा कॅमेरा अजून दुरुस्त झालेला नाही. तिला कॅमेऱ्याशिवाय हात लावायची माझीसुद्धा हिंमत नाही."

मला मॅडमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, कारण शेजारी बायको होती आणि तिने ते जन्मभर ऐकवलं असतं.

६

परतताना मी म्हटलं, "चल, अधीक्षकांना सांगू. कुलूप तोडू."

"नाही," बायको म्हणाली. "तोडलं तर सिस्टर चोर ठरेल. तिला स्वतः उघडू दे."

ती एकटीच ओटीत गेली. मी दाराबाहेर थांबलो, कान लावून. होय, लावला कान! बायको काही रागावून बोलली नाही. कपाटात काय आहे हेही म्हणाली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "सिस्टर, वॉर्डातल्या त्या बाईला तुम्ही बघितलंय. मॅडम कामावर नाहीत, त्यांचा कॅमेराही नाही. उद्या बैठक आहे. मॅडम तुमच्याबद्दल एक अक्षर बोललेल्या नाहीत, आणि बोलणारही नाहीत."

 मग जुडगा वाजला, पण कुलूप उघडल्याचा आवाज आला नाही. बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"घाबरलीय फार," ती म्हणाली. "आता तिच्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी समिती बसली. अधीक्षक, स्टोअरकीपर, टायवाला, सगळे हजर. भूलमॅडमना एका कोपऱ्यात खुर्ची दिली होती, शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखी. अधीक्षक मला म्हणाले, "तुमची शिफारस सांगा." मी उभा राहिलो.  बायकोने रात्री बजावलं होतं, सिस्टरचं नाव तू काढायचं नाहीस. मग मी मॅडमना कसं वाचवणार होतो? तरी मी तोंड उघडलं. "माझी शिफारस भूलमॅडमचीच आहे," मी म्हटलं. "आळ खोटा आहे. का ते मात्र मला सांगता येत नाही."

टायवाला हसला. स्टोअरकीपरने टेबलावर हात आपटला. तेवढ्यात बाहेर जुडगा वाजला.

सिस्टर आत आली. हातात एक खोकं होतं. तिने ते अधीक्षकांपुढे ठेवलं आणि उघडलं. नंबर घालून परत गुंडाळलेलं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, आणि प्लास्टिकमधून मुठीवरचा पांढरा नंबर स्वच्छ दिसत होता.

"हा हॉस्पिटलचा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात आहे. मोडला तर माझ्यावर येईल म्हणून मी कधी काढू दिला नाही. इतकी वर्षं पेशंटसाठी मॅडमनी स्वतःचा वापरला. त्यांच्यावर आळ आला आणि मी गप्प बसले. माझी पेन्शन अडवायची तर अडवा. पण त्यांना कामावर घ्या. वॉर्डातली बाई थांबू शकत नाही."

स्टोअरकीपर आपल्याच हाताने घातलेल्या नंबरकडे बघत होता. मग त्याने, आयुष्यात पहिल्यांदा असेल, कुणाची माफी मागितली. "मी दारातूनच विचारत राहिलो," तो मॅडमना म्हणाला. "चूक माझीही आहे."

भूलमॅडम उठल्या. आता काही तरी बोलतील, रागावतील, रडतील म्हणून आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी खोक्यातला स्टँड काढला, उलटापालटा करून बघितला आणि सिस्टरच्या हातात दिला.

"आत्ता चार्जिंगला लावा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पडून आहे. चार्ज धरतो का ते बघायला हवं."

धरला! पडदा उजळला तेव्हा अधीक्षकांनी एजन्सीचा अर्ज बाजूला सारला. सिस्टरच्या चौकशीचं विचारलं तर म्हणाले, "वस्तू सापडलीय, एक ओरखडा नाही. जपून ठेवल्याबद्दल कुणाची पेन्शन अडवतात का?" असा अधीक्षक लाभायला नशीब लागतं. भूलमॅडमचा नवा करार मी त्याच दुपारी लिहायला घेतला. उपकरणं हॉस्पिटल देईल, हे वाक्य तसंच ठेवलं. पुढे एकच भर घातली: आणि ती वापरायला देईल.

त्या संध्याकाळीच भाजलेल्या बाईला ओटीत नेलं. तिच्या नवऱ्याबरोबर मीही दाराबाहेर उभा होतो. आत काय झालं ते मला नंतर मावशींनी सांगितलं. मॅडमनी मुठीला चिकटपट्टी गुंडाळून घेतली, पहिल्या खेपेलाच नळी गेली, आणि सगळ्यांनी श्वास सोडला. थोड्या वेळाने बाळाचा टाहो मात्र मी माझ्या कानांनी ऐकला. नवरा तिथेच खाली बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. माझंही काही फार वेगळं नव्हतं.

बाळ जन्मलं की ओटीत जन्माची वेळ मोठ्याने सांगायची असते. मावशी म्हणाल्या, सिस्टरचा हात सवयीने मनगटाकडे गेला आणि थांबला. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. त्याचे सेल आता कुणी खाणार नव्हतं. सिस्टरने नाकावरचा नवा चष्मा नीट केला, वर बघितलं आणि वेळ वाचून सांगितली.